शिकण्याची चौथी पायरी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा. प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातली पद्धत खरी आहे. सकाळचे साडेदहा वाजलेत. बाहेरच्या बाकांवर चाळीस-पन्नास माणसं हातात केसपेपर धरून बसली आहेत. आत पन्नाशीच्या एक मावशी डॉक्टरांना सांगताहेत, "मॅडम, अंग मोडून येतंय. डोकं जड होतंय. अन्न गोड लागत नाही. झोप तर नाहीच." रक्तदाब ठीक आहे, ताप नाही. सहा महिन्यांत मावशी तिसऱ्यांदा आल्या आहेत आणि आधीच्या दोन्ही वेळा ताकदीच्या गोळ्या घेऊन परतल्या आहेत.

आज मात्र टेबलाच्या कडेला एक लॅपटॉप उघडा आहे. सुमारे पाचशे किलोमीटरवर, बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत बसलेले मानसोपचारतज्ज्ञ पडद्यावरून हे बोलणं ऐकताहेत. मावशींना तसं आधी सांगून त्यांची संमती घेतलेली आहे. मॅडम नेहमीची औषधं लिहायला पेन उचलतात, तेवढ्यात पडद्यावरून शांत आवाज येतो, "डॉक्टर, पूर्वी ज्या कामात त्यांचं मन रमायचं, त्यात आता रमतं का, एवढं विचारून बघा." मॅडम विचारतात. मावशी गप्प होतात. मग पदर डोळ्यांना लावतात.

हा प्रश्न मॅडमना पुस्तकातून ठाऊक होता. प्रशिक्षणातही त्यांनी तो ऐकला होता. तरी आपल्याच खोलीत, आपल्याच रुग्णासमोर, बाहेर माणसं ताटकळत असताना तो ओठांवर आला नाही. माहीत असणं आणि वेळेला सुचणं यांच्यामध्ये असं अंतर असतं. नोकरीतल्या बहुतेक प्रशिक्षणांचं दुखणं हेच असतं. बँकेत नव्याने लागलेला कारकून, कारखान्यातला फिटर, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं शिकणं याच अंतराशी येऊन अडतं. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जोड नीट घातली तर ते कमी करता येतं. कोणता भाग कुठे शिकवायचा आणि का, हे निमहान्सच्या अनुभवाचं बोट धरून एकेक पायरीने पाहू.

अडचण केवढी

बंगळुरूच्या होसूर रोडवरची निमहान्स, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्था, १९७४ मध्ये तिथलं जुनं मनोरुग्णालय आणि १९५४ ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून उभी राहिली. याच संस्थेच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. पाहणीच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं त्यात आढळलं. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

हे आकडे एका गावगाड्यावर मांडून पाहू. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा सरकारी निकष आहे. त्यातले २०,००० प्रौढ धरले, तर सर्वेक्षणाच्या हिशोबाने दोन हजारांवर माणसं मानसिक आजाराशी झगडत असणार. देशात लाख लोकांमागे एकही पुरता मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. म्हणजे या दोन हजारांचा भार आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरवरच पडतो, आणि वैद्यकीय शिक्षणात मनाच्या आजारांना मिळालेला वेळ अगदी थोडा असतो.

मग डॉक्टरांना शिकवायचं. पण कसं? तीन महिने बंगळुरूला बोलावलं तर तीन महिने ती ओपीडी पोरकी होणार. ज्याला शिकवायचं, त्याचीच कामावर गरज असते. कुठल्याही नोकरदाराच्या प्रशिक्षणातला हा मूळ पेच आहे.

निमहान्सला हा पेच नवा नाही. १९७० च्या दशकात बंगळुरूजवळच्या सकलवारा इथल्या ग्रामीण केंद्रातून आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवण्याचे प्रयोग सुरू झाले. १९८० च्या दशकात अख्ख्या बळ्ळारी जिल्ह्यात ते राबवले गेले आणि त्याच नमुन्यावर १९९६ पासून देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम बेतला गेला. डॉक्टर काही दिवस वर्गात येत, शिकून परत जात. पण वर्गात शिकलेलं ओपीडीत पुरेसं उतरत नाही, हे पुढे अनेकदा दिसून आलं. वर्गात आजार नावानिशी समोर येतो. ओपीडीत तो "अंग मोडून येतंय" असं म्हणत येतो.

चार पायऱ्या

१९९० मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने डॉक्टरांच्या मूल्यमापनासाठी चार पायऱ्यांचा एक मनोरा मांडला. वैद्यकीय शिक्षणात तो आजही शिकवला जातो आणि कुठल्याही व्यवसायाला लागू पडतो. पहिली पायरी: माहीत आहे. दुसरी: कसं करायचं ते माहीत आहे. तिसरी: करून दाखवता येतं. चौथी: रोजच्या कामात, कुणी पाहत नसताना खरोखर करतो.

पोहण्याचं उदाहरण घ्या. हात-पाय कसे मारायचे हे वाचून कळतं. श्वास केव्हा घ्यायचा, हे समजावून सांगता येतं. पण पाण्यात उतरून दाखवल्याशिवाय तिसरी पायरी चढता येत नाही, आणि विहिरीत चुकून पाय घसरला तेव्हा सुखरूप काठाला लागणं ही चौथी.

ऑनलाइन चांगलं की प्रत्यक्ष, हा वाद या मनोऱ्यासमोर ठेवला की सुटायला लागतो. प्रत्येक पायरीला वेगळी जागा मानवते. पहिली पायरी एकट्याने, पडद्यावर चढता येते. दुसरी आणि तिसरी चढायला समोर माणूस लागतो. चौथीसाठी मात्र शिकवणाऱ्यालाच शिकणाऱ्याच्या कामाच्या जागी जावं लागतं, आणि तिथे पडदा पुन्हा उपयोगी पडतो.

पहिली पायरी: आपल्या वेळी, आपल्या गतीने

आजाराची लक्षणं, औषधांची नावं, कायद्यातल्या तरतुदी ही नुसती माहिती असते. त्यासाठी चाळीस डॉक्टरांना एका सभागृहात बसवण्यात अर्थ नाही. कुणाला एकदा ऐकून कळतं, कुणाला तीनदा ऐकावं लागतं. पडद्यावरचा धडा थांबवता येतो, मागे नेता येतो, रात्री मुलं झोपल्यावर पाहता येतो. २०१८ मध्ये निमहान्सने डिजिटल अकादमी सुरू केली. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका यांना नोकरी न सोडता शिकता यावं, हा तिचा हेतू.

या पायरीवर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, धडा लहान हवा. तीन तासांचं व्याख्यान चित्रित करून चढवलं की ऑनलाइन प्रशिक्षण झालं, असं अनेक कार्यालयांना वाटतं. वर्गातलं व्याख्यान वर्गासाठी रचलेलं असतं. पडद्यासमोर एकट्या माणसाला एका वेळी एकच मुद्दा पुरतो: दहा-पंधरा मिनिटांत सांगून संपणारा, एका खऱ्या रुग्णकथेभोवती गुंफलेला.

दुसरी गोष्ट, धड्यामागून आठवून लिहायला लावणारे प्रश्न हवेत. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, ते वाटणं फसवं असतं. आठवताना मेंदूला जे कष्ट पडतात, त्यांनीच आठवण पक्की होते. म्हणून धड्यानंतरची छोटी चाचणी गुणांसाठी घेऊ नये. तीही शिकवण्याचाच एक भाग आहे.

तिसरी गोष्ट, मध्ये दिवस जाऊ द्यावेत. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसरणं सर्वांत जोरात असतं, पुढे ते मंदावतं. तोच विषय दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा समोर आला तर टिकतो. सलग तीन दिवसांच्या शिबिराला हे जमत नाही. ऑनलाइन धड्यांना सहज जमतं.

दुसरी आणि तिसरी: समोरासमोर

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात शिकलेल्यांना 'संपर्कसत्र' हा शब्द चांगला परिचयाचा आहे. पुस्तकं घरी वाचायची, आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन शिक्षकांना भेटायचं. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने मराठी माणसाला मिश्र पद्धतीची ओळख इंटरनेट घरोघर येण्याच्या कितीतरी आधी करून दिली. संपर्कसत्र हा शब्दही नेमका आहे. त्या दिवशी संपर्क व्हायला हवा. घरी वाचून होण्यासारखं काही त्या दिवशी वाचून दाखवलं, तर प्रवासाचा खर्च आणि रजा दोन्ही वाया जातात.

मग समोरासमोर काय करायचं? जे पडद्यावर होत नाही ते. मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणात त्याचे तीन भाग पडतात.

एक, पाहणं. अनुभवी तज्ज्ञ रुग्णाशी कसं बोलतो, गप्प कधी राहतो, नातेवाइकांना बाहेर थांबायला कसं सांगतो, आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ पण मायेने कसं विचारतो, हे शेजारी बसून पाहायचं असतं. गाण्याच्या तालमीत गुरूच्या तोंडून स्वर नुसता ऐकायचा नसतो, तो लावताना गुरूचा चेहराही पाहायचा असतो. इथेही तसंच आहे.

दोन, करून दाखवणं. एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने डॉक्टर, तिसऱ्याने निरीक्षण करायचं. ही भूमिका-अदलाबदल पहिल्यांदा करताना सगळे संकोचतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला खरी शिकवण सुरू होते, कारण प्रश्न विचारताना आपला आवाज कसा कोरडा होतो, हे शेजारचा सहकारी तिथल्या तिथे सांगतो.

तीन, ओळख होणं. याची गणना प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात सहसा होत नाही, आणि सर्वांत मोलाचं हेच असतं. वीस डॉक्टर तीन दिवस एकत्र जेवतात, चहा घेतात, आपापल्या तालुक्यातल्या अडचणी सांगतात. ज्या तज्ज्ञाचं नुसतं नाव ऐकलं होतं, तो माणूस म्हणून समजतो. पुढे महिनोन्‌महिने पडद्यावर भेटायचं असतं. "मला हे कळलं नाही" किंवा "या रुग्णाच्या बाबतीत माझं चुकलं" असं चारचौघांत म्हणायला जी भीड चेपावी लागते, ती चहाच्या टेबलावर चेपते. म्हणून प्रत्यक्ष भेट शक्यतो सुरुवातीला हवी. ती शेवटी, प्रमाणपत्रं वाटायला ठेवली तर छायाचित्र चांगलं येतं, पण मधले सगळे महिने अनोळखी माणसांच्या पडद्यावरच्या चौकटी बघण्यात जातात.

छत्तीसगडच्या जिल्ह्यांतल्या समुपदेशकांसाठी निमहान्सने हाच क्रम धरला. आधी बंगळुरूत प्रत्यक्ष, मग ते आपापल्या जिल्ह्यात परतल्यावर ठरावीक अंतराने ऑनलाइन बैठका. त्याबद्दलचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशकांच्या ज्ञानात आणि आत्मविश्वासात वाढ झाल्याचं त्यात नोंदवलं आहे.

मधली बैठक: सगळे शिकवतात, सगळे शिकतात

या ऑनलाइन बैठकांची पद्धत आली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातून. तिथले यकृतविकारतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांच्यासमोरचा प्रश्न आपल्यासारखाच होता. विस्तीर्ण, विरळ वस्तीचं राज्य. हेपॅटायटिस-सी चे रुग्ण हजारोंनी, आणि उपचार करू शकणारे तज्ज्ञ मोजके, तेही मुख्य शहरात. २००३ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. रुग्णांनी तज्ज्ञाकडे यायचं, हे त्यांनी उलटं केलं. तज्ज्ञाचं ज्ञान गावच्या डॉक्टरकडे जाईल अशी व्यवस्था केली.

२०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तिचा निकाल आला. ४०७ रुग्णांपैकी काहींवर विद्यापीठाच्या रुग्णालयात तज्ज्ञांनी उपचार केले होते, काहींवर गावोगावच्या आणि तुरुंगांतल्या दवाखान्यांत इकोमधून शिकलेल्या डॉक्टरांनी आणि कर्मचाऱ्यांनी. विषाणू हटल्याचं प्रमाण तज्ज्ञांकडे ५७.५ टक्के आणि गावाकडे ५८.२ टक्के. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. प्रशिक्षणाचा परिणाम थेट रुग्णाच्या रक्तात मोजता आल्याचं उदाहरण विरळाच.

निमहान्सने ही पद्धत मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीसाठी आपलीशी केली. बैठक कशी चालते, ते पाहू. मधोमध एक केंद्र असतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते असे वेगवेगळे जाणकार बसतात. भोवती ठिकठिकाणचे डॉक्टर किंवा समुपदेशक आपापल्या दवाखान्यातून जोडले जातात. चाकाचा तुंबा आणि त्याचे आरे, अशी रचना.

बैठक साधारण तासा-दीड तासाची असते. आधी सगळ्यांची थोडक्यात ओळख. मग एखादा डॉक्टर आपला खरा रुग्ण मांडतो. मांडणीचा नमुना ठरलेला असतो: वय, तक्रार, पूर्वेतिहास, घरची परिस्थिती, आतापर्यंतचे उपचार आणि शेवटी "माझं अडलंय ते इथे." रुग्णाचं नाव, गाव, चेहरा, ओळख पटेल असं काहीही सांगायचं नाही, हा पक्का नियम. त्यानंतर लगेच तज्ज्ञ बोलत नाहीत. आधी इतर आरे प्रश्न विचारतात. "दारू बंद केल्यावर हात थरथरत होते का?" "बायको काय म्हणते?" "कामावर जातोय का?" मग केंद्रातले जाणकार विचारतात. सगळ्यांच्या सूचना एकत्र करून डॉक्टरला पुढच्या पावलांची यादी मिळते. अखेरीस त्याच विषयावर दहा-पंधरा मिनिटांचं छोटं विवेचन.

व्याख्यान शेवटी का, हे समजून घेण्यासारखं आहे. आधी रुग्ण समोर आला, सगळ्यांनी डोकं खाजवलं, काहींचे अंदाज चुकले. आता उत्तराची भूक लागली आहे. तीच माहिती सुरुवातीला सांगितली असती तर डोक्यावरून गेली असती. शिवाय एका रुग्णाची चर्चा वीस डॉक्टरांनी ऐकली, म्हणजे वर्षभरात प्रत्येकाच्या गाठीला त्याने स्वतः कधी न पाहिलेले कितीतरी रुग्ण जमा झाले.

यातून तज्ज्ञही शिकतो. मानसोपचाराची मोठी रुग्णालयं बळावलेले आजार पाहतात. गावच्या ओपीडीत आजार कसा सुरू होतो, कोणती गोळी दुकानात मिळतच नाही, कुटुंब देवऋषीकडे आधी का जातं, हे आऱ्यांवरची माणसंच तुंब्याला सांगू शकतात.

चौथी पायरी: पडदा ओपीडीत येतो

इतकं सगळं होऊनही खानापूरच्या त्या मॅडमना ऐन वेळी प्रश्न सुचला नाही. कारण बैठकीत कोणता रुग्ण मांडायचा, हे त्याच निवडतात. ज्या रुग्णाचा मानसिक आजार त्यांच्या लक्षातच आला नाही, तो बैठकीत येणार कसा? जे दिसतच नाही, त्याबद्दल विचारणार काय?

निमहान्सच्या प्राथमिक मानसोपचार कार्यक्रमातल्या डॉक्टरांनी नेमकी ही फट हेरली आणि तिच्यासाठी वेगळं पाऊल उचललं. त्याला ते 'ऑन-कन्सल्टेशन ट्रेनिंग' म्हणतात, म्हणजे तपासणी चालू असताना, तिथल्या तिथे दिलेलं शिक्षण. तज्ज्ञ आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरच्या शेजारी बसतो किंवा व्हिडिओवरून जोडला जातो. रुग्ण वेचून आणलेले नसतात. त्या दिवशी जे येतील ते: सर्दीचे, मधुमेहाचे, पाठदुखीचे. डॉक्टर नेहमीसारखे त्यांना तपासत जातात आणि त्यांच्यात दडलेला मानसिक आजार कसा ओळखायचा, हे तज्ज्ञ दाखवत जातो.

सोबत डॉक्टरच्या हाताशी एक छोटी पुस्तिका असते. आरोग्य केंद्रात वारंवार दिसणारे मोजके मानसिक आजार, ते ओळखायचे नेमके प्रश्न आणि उपचाराची दिशा एवढंच तिच्यात. जाडजूड ग्रंथ गर्दीच्या ओपीडीत उघडला जात नाही, चार पानं उघडली जातात. कोणत्याही नोकरीत प्रशिक्षणाचं साहित्य लिहिणाऱ्याने हा धडा घ्यावा: शिकताना वाचायचा मजकूर आणि काम करताना बघायचा कागद, हे दोन वेगळे ठेवावेत.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. तज्ज्ञाने मावशींशी स्वतः बोलायला सुरुवात केली नाही, निदान सांगितलं नाही, औषध लिहून दिलं नाही. एक प्रश्न सुचवला आणि तो गप्प बसला. विचारलं मॅडमनी. मावशींचं उत्तर त्यांनी स्वतः ऐकलं. पुढच्या वेळी तो प्रश्न त्यांचा स्वतःचा असेल. पडद्यापलीकडच्या शिक्षकाला हे गप्प बसणं शिकावं लागतं, कारण जाणत्याला बोलण्याचा मोह आवरत नाही. त्याने रुग्ण आपल्या हाती घेतला तर त्या रुग्णाचं भलं होईल, पण पुढच्या शंभर रुग्णांचं काय?

मिश्र प्रशिक्षणाबद्दल मला सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे ते इथेच आहे. प्रवास, भत्ता, हॉटेलचा खर्च वाचवणारा स्वस्त पर्याय म्हणूनच बहुतेक कार्यालयं ऑनलाइनकडे बघतात. पण वर्ग कितीही चांगला असला तरी त्याला उठून खानापूरला जाता येत नाही. पडद्याला येतं. शिकणाऱ्याच्या खऱ्या टेबलापर्यंत, खऱ्या गर्दीत, खऱ्या माणसासमोर शिक्षकाला नेऊन बसवणं, हे पडद्याचं खरं सामर्थ्य आहे. ते वापरायचं सोडून आपण पडद्यावर नुसता वर्ग दाखवत बसलो, तर चौथी पायरी रिकामीच राहते.

काय मोजायचं

प्रशिक्षण लागू पडलं की नाही, हे कसं कळणार? डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेली चार प्रश्नांची कसोटी आजही वापरली जाते. शिकणाऱ्याला ते आवडलं का? तो शिकला का? कामावर त्याचं वागणं बदललं का? आणि त्या बदलाने संस्थेला, लोकांना काही लाभ झाला का? प्रशिक्षणाच्या शेवटी वाटला जाणारा अभिप्रायाचा फॉर्म पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो. ऑनलाइन चाचणी दुसऱ्याचं. खरी उत्तरं तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात असतात, आणि ती मिळवायला काही महिन्यांनी कामाच्या जागी जावं लागतं.

आरोग्य केंद्रात हे मोजणं सोपं आहे, कारण नोंदवही असते. प्रशिक्षणाआधी महिन्याला किती मानसिक रुग्ण ओळखले गेले, नंतर किती, त्यांतले किती दुसऱ्यांदा आले, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

आणखी एक इशारा ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निव्वळ वर्गापेक्षा मिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांची कामगिरी सरस आढळली. पण आढावा घेणाऱ्यांनीच स्पष्ट केलं की मिश्र पद्धतीत बऱ्याचदा वेळही जास्त मिळाला होता आणि साहित्यही वेगळं होतं. म्हणजे फायदा पडद्याच्या अंगचा नव्हे. शिकायला अधिक वेळ, सराव आणि जाणत्याची सोबत मिळाली, त्याचा तो फायदा. तेवढाच वेळ, तोच मजकूर अर्धा पडद्यावर आणि अर्धा वर्गात टाकला, तर नुसत्या विभागणीने काही साधत नाही.

आपल्या कामाच्या जागी

प्रत्येक व्यवसायात प्रमाण बदलेल. बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाची तांत्रिक प्रशिक्षण संस्था २००७ पासून ग्रामीण मुलांना तीन वर्षांचं निवासी शिक्षण देते. ज्या कामात हत्यार हाती धरायचं असतं, तिथे तिसऱ्या पायरीचा वाटा मोठाच राहणार. १९८१ मध्ये पुण्यात जन्मून पुढे बंगळुरूत स्थिरावलेली इन्फोसिस नव्या अभियंत्यांना म्हैसूरच्या निवासी संकुलात शिकवते आणि जुन्यांसाठी स्वतःचं ऑनलाइन व्यासपीठही चालवते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं, त्यातून 'आयगॉट' या व्यासपीठावर अनेक अभ्यासक्रम उपलब्ध झाले. तिथलं प्रमाणपत्र पहिली पायरी चढल्याची पावती आहे. पुढच्या तीन पायऱ्या प्रत्येक खात्याने आपल्या कार्यालयात बांधायच्या आहेत.

तुमच्या बँकेत, पतसंस्थेत, शाळेत किंवा कारखान्यात हे करायचं असेल, तर सुरुवात शेवटापासून करा. प्रशिक्षण संपल्यावर तीन महिन्यांनी हा माणूस कामावर काय वेगळं करताना दिसायला हवा, ते एका वाक्यात लिहा. "ग्राहकसेवा सुधारणे" असं मोघम नको. "कर्ज नाकारलेल्या ग्राहकाला कारण आणि पुढचा मार्ग दोन्ही समजावून सांगतो" असं डोळ्यांना दिसणारं हवं. त्या वाक्यापासून मागे येत विचारा: हे करायला त्याला काय माहीत हवं? ते पडद्यावर ठेवा. काय करून दाखवता यायला हवं? त्यासाठी समोरासमोर भेटा, आणि ती भेट सुरुवातीला ठेवा. अडचणी कुठे येतील? त्यांच्यासाठी पंधरवड्याची बैठक ठरवा, जिथे प्रत्येकाने स्वतःचं खरं प्रकरण मांडायचं. शेवटी, त्याच्या टेबलापाशी बसून पाहणारा अनुभवी सहकारी कोण, हे नेमा. तो शेजारच्या खोलीतला असेल किंवा पडद्यावरचा.

दोन गोष्टींत कसूर करू नका. ऑनलाइन अभ्यासाचा वेळ कामाच्या वेळात धरा. दिवसभर राबून घरी गेलेल्या परिचारिकेने रात्री अकराला धडे पाहावेत, अशी अपेक्षा ठेवणारी संस्था शिकण्याचा खर्च कर्मचाऱ्याच्या झोपेतून वसूल करत असते. दुसरी गोष्ट भाषेची. मॅडमची पाठ्यपुस्तकं इंग्रजीत होती, पण खानापूरच्या मावशी मराठीत दुःखी होत्या. "अन्न गोड लागत नाही" या चार शब्दांत नैराश्याचं एक लक्षण बसलेलं आहे, हे मराठी किंवा कन्नड कानालाच पकडता येतं. भूमिका-अदलाबदल असो वा बैठकीतली चर्चा, ज्या भाषेत काम होतं त्याच भाषेत सराव झाला पाहिजे.

निमहान्सच्या तज्ज्ञांचं सत्र दुपारी संपतं, मॅडम लॅपटॉप मिटतात. दोन दिवसांनी एक शेतकरी येतो. पोटात आग पडते म्हणतो, दोन महिन्यांत चौथ्यांदा आलाय. पडदा बंद आहे, शेजारी कुणी नाही, बाहेर गर्दी तशीच आहे. मॅडम आम्लपित्ताची गोळी लिहितात, मग पेन खाली ठेवतात. "काका, रात्री झोप लागते का?" काका थोडा वेळ जमिनीकडे बघत राहतात आणि बोलू लागतात. त्या दिवशी केंद्राच्या नोंदवहीत, मानसिक आजाराच्या रकान्यात, मॅडमनी स्वतःहून ओळखलेला पहिला रुग्ण लिहिला जातो.